खाड्याचा हिशेब

इंग्लंडमधला रग्बी लीगचा माजी खेळाडू रॉब बरो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 3 जून 2024 रोजी, लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाच्या केंद्रासाठी पहिली कुदळ पडली. मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, झालेल्या रुग्णांना सगळी तपासणी आणि आधार एकाच छताखाली मिळावा यासाठी हे केंद्र. त्याच्या निधीचे लक्ष्य होते 68 लाख पौंड, तेही लोकवर्गणीतून. घरच्यांनी सुतकाचे कारण सांगून तारीख पुढे ढकलली नाही. इंग्लंडच्या उत्तरेत या प्रसंगावर भरभरून लिहिले गेले. मैत्री, जिद्द, एका शहराचे प्रेम. ते सगळे खरेच होते. फक्त त्या भरात एक रोकडा प्रश्न बाजूला पडला. खेळाडूच्या शरीराचे पुढे जे काही होते, त्याचा खर्च कोणी उचलायचा?

रग्बी लीग या खेळाला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना हा खेळ जन्मला तोच या प्रश्नातून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशर आणि लँकेशरमधले बहुतेक रग्बी खेळाडू कोळशाच्या खाणींत, कापड गिरण्यांत, गोदीत राबणारे होते. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचे आणि सामनाही शनिवारीच. सामना लांबच्या गावी असला की सकाळीच निघावे लागे. म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगारात कपात. उत्तरेच्या क्लबांची मागणी साधी होती: या बुडालेल्या मजुरीची भरपाई करू द्या. लंडनमधल्या रग्बी फुटबॉल युनियनने 1893 मध्ये ही मागणी फेटाळली. खेळ हौशीच राहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांना शनिवारची मजुरी बुडण्याची चिंता कधी करावीच लागली नव्हती, त्यांना हे तत्त्व फार पवित्र वाटत असे. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग.

तीन वर्षांनी उघडपणे पैसे घेऊन खेळायला मुभा मिळाली, पण सोबत अटही आली: खेळाडूला दुसरी नियमित नोकरी हवी. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणाऱ्याची नोकरी मात्र नोकरीत धरली जात नसे! बंडखोरांनाही आपला खेळाडू ‘सभ्य’ दिसायला हवाच होता. ज्या युनियनने खाड्याचे पैसे नाकारले, तिने व्यावसायिक खेळाला दार उघडले ते 1995 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

खाड्याचा हा हिशेब दिवसापुरता होता. मैदानावर शरीराची जी झीज होते, तिचा हिशेब त्यात धरला नव्हता. आणि ही झीज नेमकी कशी होते हे कळायला बरोचा खेळ बघावा.

रग्बी लीगमध्ये एका बाजूला 13 खेळाडू असतात आणि सामना 80 मिनिटांचा. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने सहा वेळा पकडून अडवेपर्यंत चेंडू त्यांचा. सहावा झाला की चेंडू दुसऱ्याकडे. टॅकल झालेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. त्याच्या मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो. समोर प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू उभे राहू शकतात, बाकी सगळ्यांना 10 मीटर मागे जावे लागते. या 10 मीटरमध्ये खेळाचे सगळे मर्म आहे. मागे सरकणारा बचाव अजून वळून स्थिर झालेला नसतो, दोघा पहारेकऱ्यांपैकी एक जण जमिनीवरून उठत असतो, अशा एखाद-दुसऱ्या सेकंदात डमी हाफने फट हेरायची. उशीर झाला तर पुढे भिंत उभी. पण याच 10 मीटरमुळे आक्रमक आणि बचावपटू दोघेही धावत येऊन एकमेकांवर आदळतात. शंभर-एकशेदहा किलोचा प्रॉप, म्हणजे आघाडीचा धिप्पाड खेळाडू, पूर्ण वेगात येतो आणि त्याला समोरून तितक्याच वजनाचे दोघे भिडतात. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात तीस-चाळीस टॅकल करतो. सामने वर्षाला तीसच्या आसपास. सरावातल्या धडका वेगळ्या.

या गर्दीत बरोची उंची 1.65 मीटर आणि वजन 70 किलोच्या आत. जन्म 26 सप्टेंबर 1982, पाँटिफ्रॅक्ट. वाढला शेजारच्या कासलफर्डमध्ये, कोळसा खाणींच्या पट्ट्यात. 2001 ते 2017 अशी सगळी व्यावसायिक कारकीर्द लीड्स ऱ्हायनोज या एकाच क्लबात, 490 हून अधिक सामने, सुपर लीग या अव्वल स्पर्धेची आठ विजेतेपदे आणि दोन चॅलेंज कप. शिवाय इंग्लंड आणि ग्रेट ब्रिटनच्या जर्सी. हा मुलगा फार लहान आहे, मोडून पडेल, असे त्याच्याबद्दल सुरुवातीला सर्रास म्हटले जाई.

2011 ची ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचा अंतिम सामना, पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. लीग तक्त्यात पाचव्या क्रमांकावर राहिलेला लीड्स, समोर सेंट हेलेन्स, मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. बरो बदली खेळाडू म्हणून उतरलेला. मैदानाच्या मध्याजवळ त्याने डमी हाफमधून चेंडू उचलला, अंगावर आलेल्या धिप्पाड बचावपटूच्या हाताखालून वाकून निसटला आणि शेवटच्या फुलबॅकला चकवत थेट ट्राय केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. कबड्डीत एखादा चढाईपटू साखळीच्या हातांखालून सुटतो, तसाच प्रकार. फक्त इथे पुढे अर्धे मैदान पळायचे होते. लीड्स 32-16 ने जिंकले आणि सामनावीराची हॅरी संडरलंड ट्रॉफी बरोला मिळाली. 2007 मध्येही ती त्यालाच मिळाली होती.

त्याच्या खेळाची दुसरी बाजू चित्रफितींत कमी दिसते. चेंडू हातात असताना तो निसटायचा, पण बचावात निसटता येत नाही. प्रतिस्पर्धी मुद्दाम आपले सर्वांत जड खेळाडू त्याच्यावर सोडत, कारण लहान माणूस म्हणजे भिंतीतली कच्ची वीट. तो पायांत शिरून, गुडघ्यांना विळखा घालून त्यांना पाडायचा. अशा टॅकलमध्ये डोके चुकीच्या बाजूला गेले की समोरच्याची मांडी किंवा कंबर थेट कवटीवर बसते. हे एकदा-दोनदा नाही, सोळा-सतरा हंगाम.

डिसेंबर 2019 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, निदान झाले. सुरुवात बोलण्यापासून झाली होती. जीभ अडखळायला लागली होती. एमएनडीमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात, पाय, जीभ, गिळणे आणि शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. निदानानंतर साधारण तिसरा हिस्सा रुग्ण वर्षभरात आणि निम्मे दोन वर्षांत जातात. बरो साडेचार वर्षे जगला.

या आजारात वेळेचे गणित फार निर्दय असते आणि पैशाचा मुद्दा तिथेच येतो. रिलुझोलची 50 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची. तिने आयुष्य काही महिन्यांनी वाढते, पण यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. टोफर्सेन हे नवे औषध एसओडी1 या जनुकातल्या दोषावर चालते, आणि तो दोष शंभरातल्या दोघांतच सापडतो. म्हणजे इलाज जवळपास नाहीच, आहे ती देखभाल. देखभालीत प्रत्येक गोष्ट गरज भासण्याच्या आधी करावी लागते. आवाज साठवून ठेवायचा तो स्वच्छ बोलता येत असतानाच. उशीर झाला तर यंत्र पुढे आयुष्यभर तेच अडखळते बोल ऐकवणार. बरोच्या बाबतीत जुन्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचा उपयोग झाला, म्हणून डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे त्याचे यंत्र त्याच्याच यॉर्कशरी ढंगात बोलत असे. पोटात अन्नाची नळी बसवायची तर फुप्फुसांची क्षमता अर्ध्यावर यायच्या आत, नंतर ती शस्त्रक्रियाच धोक्याची होते. रात्री मास्कने श्वास देणारे यंत्र, खोकला काढायचे यंत्र, गिळता यावे म्हणून घट्ट केलेले पाणी, व्हीलचेअर, दाराची रुंदी, खालच्या मजल्यावर न्हाणीघर. चालणारा माणूस काही महिन्यांत न चालणारा होतो आणि घर मात्र होते तसेच असते.

इंग्लंडमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल मोफत आहे. मग वर्गणी कशाला, असे कोणी विचारेल. कारण घर बदलणे हे हॉस्पिटलच्या हिशेबात बसत नाही. त्यासाठी स्थानिक परिषदेचे वेगळे अनुदान आहे, इंग्लंडमध्ये कमाल 30,000 पौंड, प्रौढांसाठी उत्पन्न तपासून. अर्जावर निर्णय द्यायला परिषदेला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अर्जापासून वर्षभरापर्यंत पैसे देणे लांबवता येते. हे नियम पायाचे हाड मोडलेल्या माणसासाठी ठीक असतील. ज्या आजारात निम्मे रुग्ण दोन वर्षांत जातात तिथे अनुदान मंजूर होते तेव्हा कित्येकदा माणूस चाकाच्या खुर्चीतून पलंगावर गेलेला असतो, आणि उतारासाठी मागितलेले पैसे आता उचलयंत्रासाठी हवे असतात. पुन्हा नवा अर्ज.

ही पोकळी केविन सिनफील्डने पळून भरली, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. लीड्सचा जुना कर्णधार आणि बरोचा मित्र. डिसेंबर 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन, कारण बरोच्या जर्सीचा क्रमांक सात. लक्ष्य ठेवले 77,777 पौंड आणि जमले 20 लाखांहून जास्त. पुढच्या वर्षी लेस्टरपासून लीड्सपर्यंत 101 मैल, 24 तासांत. 2022 मध्ये एडिंबरापासून मँचेस्टरपर्यंत आणखी सात दिवस, तेही मॅरेथॉनपेक्षा लांब अंतरांचे. मे 2023 मध्ये बरोच्या नावाच्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने मित्राला व्हीलचेअरवरून ढकलत नेले आणि शेवटी उचलून रेषेपार केले. एकूण रक्कम एक कोटी पौंडांच्या घरात पोचली.

सिनफील्डच्या पायांविषयी कोणी वाईट बोलणार नाही. वाईट आहे ती व्यवस्था, जिला अशा पायांची सवय लागते. वर्गणीचा एक स्वभाव असतो: ती चेहऱ्याकडे जाते. ब्रिटनमध्ये एका वेळी साधारण 5,000 लोक एमएनडीसह जगतात. त्यांतले बहुतेक कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बसचालक. त्यांच्यासाठी 101 मैल धावणारा मित्र नाही. सीक्रॉफ्टचे केंद्र त्यांनाही उघडे राहणार, ही बरोच्या घरच्यांची खरी दूरदृष्टी. पण लीड्सच्या माणसाला असे केंद्र मिळाले ते लीड्सला बरो लाभला म्हणून. ज्या शहरात कोणी प्रसिद्ध माणूस आजारी पडलेला नाही, तिथल्या रुग्णाने काय करायचे?

सरकारची गोष्टही बोलकी आहे. रुग्ण, संस्था, बरो आणि याच आजाराने ग्रासलेला स्कॉटलंडचा रग्बी युनियन खेळाडू डॉडी वेअर यांच्या रेट्यानंतर नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश सरकारने एमएनडी संशोधनासाठी पाच कोटी पौंड जाहीर केले. घोषणा झाली, पैसे मात्र संशोधकांपर्यंत पोचेनात. नोव्हेंबर 2022 मध्ये वेअर गेला आणि ओरड झाली, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये निधी लवकर सोडण्याचे ठरले. हा सगळा काळ एका माणसाच्या आजाराच्या कालावधीत मोजला तर उरलेल्या आयुष्याचा निम्मा होतो.

आता खेळाकडे. इथे सगळ्यांत अवघड आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही: बरोला हा आजार रग्बीमुळे झाला हे कोण सांगणार? कोणीच नाही. साधारण 300 माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी एमएनडी होतो; त्यातल्या कोणाला का झाला हे एका रुग्णापुरते सिद्ध करता येत नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासात स्कॉटलंडचे 412 माजी आंतरराष्ट्रीय रग्बी युनियन खेळाडू तपासले गेले. त्यांच्यात एमएनडीचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे 15 पट आढळला. आकडा धक्कादायक आहे, पण मुळात रुग्णसंख्या फार लहान आणि खेळही शेजारचा. शेफिल्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये वेगळा धागा मांडला: जनुकीय कल असलेल्या काहींमध्ये अतिकठोर व्यायाम हा आजार लवकर बाहेर काढत असावा. म्हणजे दोष धडकेचा, व्यायामाचा की जनुकांचा, याचा निवाडा लागायला अजून वेळ आहे. डोक्याच्या इजांवरून माजी खेळाडूंनी रग्बी लीगची नियामक संस्था रग्बी फुटबॉल लीग (आरएफएल) हिच्याविरुद्ध दावे लावले आहेत. तिथेही वकील हेच विचारणार.

म्हणूनच मला वाटते की खेळाची जबाबदारी ‘कारण सिद्ध झाले का’ या प्रश्नाला बांधणे हीच चूक आहे. कोर्टात तो प्रश्न योग्य आहे, कारण तिथे दोषी ठरवायचा असतो. मदतीच्या निधीला दोषी कशाला हवा? कारखान्यातल्या भविष्यनिर्वाह निधीत कामगाराला ‘तुझे म्हातारपण या कारखान्यामुळे आले का’ असे विचारत नाहीत. सिद्धतेची वाट पाहत बसायचे म्हटले तर आजाराचा वेग पाहता खेळाला नुसते थांबून राहणे पुरते. दावेदार आपोआप कमी होतात.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खोटा नाही. रग्बी लीग श्रीमंत खेळ नाही. त्याची मुख्य वस्ती एम-62 महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या गावांत. दूरचित्रवाणीच्या करारातून एकेकाळी वर्षाला चार कोटी पौंडांच्या आसपास येत. 2022 पासून ते अडीच कोटींवर आणि 2024 च्या करारात साधारण 2 कोटी 15 लाखांवर आले. क्लबला पगारांवर 21 लाख पौंडांची मर्यादा आहे, आणि कित्येक क्लब तेवढेही खर्च करू शकत नाहीत. गंभीर जखमींसाठी आरएफएल बेनेव्होलंट फंड आहे. जानेवारी 2020 मध्ये सराव सामन्यात पाठीचा कणा दुखावलेल्या मोझे मासोएसारख्यांना त्याचा आधार मिळाला. पण तीही धर्मादाय संस्थाच. म्हणजे पुन्हा कोणीतरी धावायचे, सायकल चालवायची, डबा फिरवायचा.

तरी गणित करून बघू. पगारमर्यादेचा एक टक्का म्हणजे एका क्लबाचे 21,000 पौंड. 2025 पर्यंत सुपर लीगमध्ये होते तेवढे 12 क्लब धरले तर 2,52,000. दूरचित्रवाणीच्या पैशातला एक टक्का धरला तर आणखी सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर. वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास, न धावता. या रकमेत संशोधन होणार नाही, केंद्र तर नाहीच. ते सरकारचे काम आहे आणि सरकारकडेच राहावे. खेळाने करायचे ते छोटे आणि कंटाळवाणे. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाची नोंद. खेळत असतानाच्या चाचण्यांची मूळ आकडेवारी त्याच्या हातात, क्लबच्या कपाटात नाही. कारण दहा वर्षांनी तुलनेला तीच लागते आणि तोवर क्लबचा डॉक्टर बदललेला असतो. ठरावीक वर्षांनी मज्जासंस्थेच्या डॉक्टरकडे एक तपासणी. आणि निदान झालेच तर अनुदानाचा अर्ज परिषदेत पडून असेपर्यंत उतार, न्हाणीघर आणि उचलयंत्राचे पैसे लगेच, अनुदान आल्यावर परत करण्याच्या बोलीवर.

हे फसते कुठे तेही ठाऊक आहे. निधी क्लबांच्या हातात राहिला तर पहिल्या तोट्याच्या वर्षी तो नव्या प्रॉपच्या पगारात जाईल. म्हणून तो क्लबांना हात लावता येणार नाही असा वेगळा हवा आणि वर्गणी मध्यवर्ती वाटपातूनच कापून घेतली पाहिजे. दुसरे, फायदा फक्त मोठ्या नावांना मिळेल. सुपर लीगच्या खाली खेळणारे खेळाडू बहुतेक अर्धवेळ असतात. दिवसा प्लंबिंग करायचे, संध्याकाळी सराव. धडका त्यांनाही तेवढ्याच बसतात, बदली खेळाडू कमी आणि डॉक्टर तर त्याहून कमी. त्यांना वगळले तर निधी म्हणजे प्रसिद्धांचा विमा होईल. तिसरे, खेळाडू स्वतः. भोवळ आली हे लपवणारा खेळाडू निवृत्तीनंतर तपासणीला आपणहून येईल ही आशा भाबडी आहे. तपासणीचे बोलावणे घरच्या पत्त्यावर, घरच्यांच्याही नावाने गेले पाहिजे.

सन्मानांची कसर मात्र खेळाला हळूहळू भरून मिळते आहे. बरोला आधी एमबीई हा ब्रिटिश किताब आणि 2024 च्या नववर्ष सन्मानांत सिनफील्डबरोबर त्याहून वरचा सीबीई मिळाला. 2025 मध्ये विगनच्या बिली बॉस्टनला रग्बी लीगमधली पहिली ‘सर’की मिळाली, खेळ सुरू होऊन 130 वर्षांनी. पदके स्वस्त पडतात.

1895 च्या क्लबांनी सहा शिलिंग देताना खाणकामगाराला विचारले नाही की आज सामना नसता तर तू नक्की कामावर गेला असतास का, का आजारीच पडला असतास. त्यांना एवढेच हवे होते की दिवस बुडाला आणि त्या दिवशी तो संघात होता. नव्या निधीलाही पुरावा म्हणून सामन्याआधी पंचांना दिलेली नावांची यादी पुरेशी धरावी. बरोच्या नावाच्या अशा 490 हून अधिक याद्या एकट्या लीड्सकडे निघतील.